शवासनात डोळे मिटत नाहीत, तर समर्पण करायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एक ताई, वय चौतीस. दीड वर्षापूर्वी मुंबईहून परतताना कसारा घाटात त्यांच्या गाडीला अपघात झाला. त्या वाचल्या, गाडी चालवणारा भाऊ गेला. अजूनही मागून हॉर्न वाजला की हातातलं खाली पडतं, रात्री तीनला जाग येते ती येतेच. घरच्यांनी आग्रहाने योगवर्गात घातलं. तिथे शेवटी शवासनात सांगतात, ‘सगळं ईश्वरावर सोडून द्या.’ डोळे मिटले की यांच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, उठून पळावंसं वाटतं. एकदा खरंच उठल्या, तर ऐकावं लागलं की अहंकार सुटत नाही म्हणून समर्पण होत नाही. त्या विचारतात, माझ्यात काय कमी आहे? आणि वर्ग सोडून देऊ का?

ताई, वर्गाचं शेवटी बोलू. आधी त्या छातीवरच्या दगडाचं.

उताणं पडायचं, पोट आणि गळा उघडा, डोळे बंद, दिवा मालवलेला आणि डोक्याशी कुणीतरी अनवाणी फिरतंय. तुम्हाला मला माहीत आहे की हे शवासन आहे. पण ज्या शरीराने एकदा क्षणात सगळं उलटं होताना पाहिलंय, ते राखणीला बसलेलं असतं. राखणदाराला ‘झोप आता’ म्हटलं म्हणून तो झोपत नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी जागा राहणार आहे हे दिसलं, तरच तो पाठ टेकतो. तुमचं उठून बसणं मला अहंकार वाटत नाही. राखणदाराने आपलं काम केलं, एवढंच.

मी बावीस वर्षं योग शिकवते, त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं मानसोपचारतज्ज्ञांकडून आलेल्या लोकांसोबत. पहिल्या काही वर्षांत केलेली एक चूक सांगते. वर्गात एक बाई यायच्या. शवासनात त्यांचे खांदे कानाला लागलेले असायचे. मी एकदा न विचारता दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि हलकेच खाली दाबले. त्या एकदम निपचित झाल्या. मला वाटलं, वा, आज सैल झाल्या. सगळे उठले, चटया गुंडाळल्या, तरी त्या तशाच. डोळे उघडे, हात थंडगार, नावाने हाक मारली तरी नजर माझ्या आरपार. पाच-सात मिनिटांनी पाणी प्यायल्या आणि गेल्या. परत आल्या नाहीत. त्यांच्यावर काय गुदरलं होतं ते मला कधीच कळलं नाही, पण माझ्या हातांनी ते पुन्हा जागं केलं एवढं नक्की.

तेव्हापासून मी दोन प्रकारचं निपचितपण वेगळं बघायला शिकले. लढता येत नाही, पळता येत नाही, तेव्हा प्राणी गोठतो. मांजरीच्या तोंडातला उंदीर बघा. माणूसही तसाच गोठतो, आणि बाहेरून ते अगदी शरणागतीसारखं दिसतं. खरंच विसावलेला माणूस मध्येच आवंढा गिळतो, सुस्कारा टाकतो, पोटात गुरगुरतं, बोटं हलतात, हाक मारली की उशिराने का होईना, ‘हं’ म्हणतो. गोठलेल्याचा श्वास गळ्याशी अडकलेला असतो, हात गार असतात, चेहरा पुसल्यासारखा. दुर्दैव असं की अनेक वर्गांमध्ये गोठलेल्यालाच शाबासकी मिळते.

आता शब्दाकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथे आहे. आपण वर्गात ‘समर्पण’, ‘सोडून देणे’ असं म्हणतो. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींचा शब्द आहे ईश्वरप्रणिधान. त्यातला धातू ‘धा’, म्हणजे ठेवणे. ‘प्र’ आणि ‘नि’ हे उपसर्ग लागून अर्थ होतो नीट, पुढे, खाली ठेवणे. निधान, ठेवा, हे त्याच घरातले शब्द. आमच्या आजोळी विहिरीवरून पाणी आणायचे. डोक्यावर चुंबळ, त्यावर भरलेली घागर. घरात शिरल्यावर आजी घागर ‘सोडून’ देत नसे. सोडली तर फुटेल. आधी घडवंची हलत नाही ना ते पायाने बघायची, मग कुणाला तरी म्हणायची, ‘जरा हात दे गं’, आणि मग दोन्ही हातांनी उतरवायची. घागर टेकल्यावरही हात लगेच काढायची नाही. मला विचाराल तर प्रणिधान ते. भार आहे हे मान्य, तो पेलणारी जागा आधी चाचपलेली, आणि उतरवणारे हात आपले.

योगसूत्रांवरची जुनी टीका म्हणजे व्यासभाष्य. त्यातही ईश्वरप्रणिधानाचा अर्थ सांगितलाय तो असा: सर्व क्रिया परमगुरूला अर्पण करणं, किंवा त्यांच्या फळाचा संन्यास. क्रिया अर्पण करायची तर आधी क्रिया हवी. म्हणून योगसूत्रांच्या दुसऱ्या पादाच्या, म्हणजे प्रकरणाच्या, पहिल्याच सूत्रात क्रम येतो तो तप, स्वाध्याय आणि मग ईश्वरप्रणिधान. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे यायचे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरजच पडली नाही. म्हणाले, ‘मॅडम, एप्रिलात खरड छाटणी, पुढे गोडी छाटणी, फवारण्या, विरळणी, सगळं वेळेवर करायचं. फेब्रुवारीत गारा पडतील का, ते आपलं नाही.’ गारांची जबाबदारी अंगावर घेऊन फिरणारा माणूस आणि छाटणीच न करता ‘देवाची इच्छा’ म्हणणारा माणूस, दोघांनाही ते हसायचे. ताई, त्या दिवशी घाटात जे झालं त्यातल्या गारा कुठल्या आणि छाटणी कुठली, हे तुम्हाला एकट्याने ठरवायचं नाहीये. वाचलेल्या माणसाला ‘मी का वाचले’ हा प्रश्न छळतो, तो तुमच्या पत्रात लिहिलेला नसला तरी ओळींच्या मध्ये दिसतो. तो समुपदेशकासमोर काढा. शवासनात एकटीने काढू नका.

आणखी एक. पहिल्या पादात हे सूत्र येतं ते ‘ईश्वरप्रणिधानाद्वा’ असं. शेवटचा ‘वा’ बघा. वा म्हणजे किंवा. पतंजली पुढेही ‘वा’ ‘वा’ करत पर्याय मांडत जातात: श्वास बाहेर टाकण्याने, एखाद्या इंद्रियविषयावर चित्त स्थिर केल्याने, आतल्या शोकरहित प्रकाशाने, आणि शेवटी ‘यथाभिमतध्यानाद्वा’, तुम्हाला जे भावेल त्याच्या ध्यानाने. ज्या ग्रंथाने इतके दरवाजे उघडे ठेवलेत, त्याच्या नावाने एकाच दारातून माणसाला ढकलणं मला तरी पटत नाही. माझ्याकडे एक निवृत्त एसटी चालक होते. देव अजिबात मानत नव्हते. त्यांनी ‘यथाभिमत’ म्हणून काय निवडलं, तर गंगापूर धरणाच्या भिंतीवरून दिसणारं सकाळचं पाणी. चाललं की.

आणि हे सूत्र तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: ‘दुःखदौर्मनस्याङ्गमेजयत्वश्वासप्रश्वासा विक्षेपसहभुवः’. चित्त विस्कटलं की सोबत काय येतं, त्याची ही यादी. दुःख, मनाची खिन्नता, अंगमेजयत्व म्हणजे अंगाचा थरकाप, आणि बिघडलेला श्वास. जवळपास दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलं की मनाचा आघात हातापायांत आणि श्वासात दिसतो. पाश्चात्त्य मनोविकारशास्त्राच्या अमेरिकी निदानसूचीत पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) हे नाव आलं ते १९८० साली. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. ट्रॉमा हा विषय आज आपण ज्या अर्थाने बोलतो, त्या अर्थाने योगसूत्रात नाही. ‘हेयं दुःखमनागतम्’, टाळायचं ते अजून न आलेलं दुःख, या सूत्रावर व्यास म्हणतात की झालेलं दुःख भोगून संपलेलं असतं, म्हणून ते टाळायच्या यादीत नाही. तुमची अडचण नेमकी तिथेच आहे. तुमचं झालेलं दुःख भोगून संपलेलंच नाही. ब्रेकच्या कर्कश आवाजासरशी ते ‘आत्ता’ होऊन समोर उभं राहतं. म्हणून केवळ सूत्रांच्या बळावर हे काम करू नये, असं मी म्हणते.

ईश्वराबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण तुमचा देवावर राग असेल तर तो लपवायची गरज नाही. पतंजलींचा ईश्वर ‘क्लेशकर्मविपाकाशयैरपरामृष्टः पुरुषविशेषः’ आहे. क्लेश, कर्म, त्याचं फळ, त्याचे साठलेले संस्कार यांचा ज्याला स्पर्श नाही असा. तो घाटात ट्रक पाठवत नाही आणि कुणाला ‘धडा’ शिकवत नाही. जखम न झालेली अशी एक जागा आहे, एवढंच ते सूत्र सांगतं, आणि तिच्याजवळ आपला भार ठेवायला सुचवतं. पुढे तोच ‘पूर्वेषामपि गुरुः’, आधीच्यांचाही गुरू, असं म्हटलंय. म्हणजे प्रणिधान करायचं ते त्याच्यापाशी. वर्ग घेणाऱ्या सरांपाशी नाही, माझ्यापाशीही नाही. ज्यांच्यावर एखाद्या ओळखीच्या, मोठ्या माणसाने अत्याचार केलेला असतो, त्यांच्यासमोर तर मी ‘समर्पण’ हा शब्दच काढत नाही. त्यांच्याकडून ते एकदा जबरदस्तीने करून घेतलेलं असतं.

आपल्याकडे दुःखाच्या घरी कुणीतरी ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ म्हणतंच. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याचं तोंड बंद होतं. त्याच अभंगात शेवटी तुकोबा ‘घालू तयावरी भार’ म्हणतात, ते कुणी म्हणत नाही. भार नाहीच असं सोंग करायला तुकोबांनी सांगितलेलं नाही.

गीतेतला ‘मामेकं शरणं व्रज’ही असाच मधूनच तोडून वापरला जातो. तो अठराव्या अध्यायाचा सहासष्टावा श्लोक. त्याच्या तीनच श्लोक आधी कृष्ण अर्जुनाला म्हणतो, ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’. याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसं कर. पहिल्या अध्यायात ज्याचं तोंड कोरडं पडलं होतं, अंग कापत होतं, जो रथात मटकन बसला होता, त्याच्याशी मधले सगळे अध्याय बोलून झाल्यावर, त्याचे प्रश्न ऐकून घेतल्यावर, निवड त्याच्या हातात दिल्यावर मग शरण ये म्हटलंय. आपण पहिल्या दिवशीच्या पहिल्या शवासनात म्हणतो.

आणि आपण नाशिकची माणसं, तर निवृत्तीनाथांची गोष्ट आठवा. परंपरा सांगते की विठ्ठलपंतांचं कुटुंब ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ आला, पांगापांग झाली, आणि पोरगा निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ भेटले. दरवर्षी पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला दिंड्या जातात त्या त्याच निवृत्तीनाथांच्या समाधीला. या गोष्टीतली माझी आवडती जागा म्हणजे पोरगा आधी पळाला. वाघासमोर हात जोडून बसला नाही. गुहेत पोचला, आडोसा मिळाला, मग गुरूच्या पायाशी बसला. तुमचं शरीर अजून वाघाच्या पुढे पळतंय, आणि त्याला सांगतायत की बस.

मग गुहा कशी करायची? मी काय करते ते सांगते. हे घरी करून बघता येईल, पण पहिल्यांदा कुणीतरी विश्वासाचं माणूस घरात असताना करा.

आधी मोजमाप. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती तुम्ही पाहिलेला आहे. पूर आला की अख्खं नाशिक विचारतं, पाणी मारुतीच्या कुठवर आलं? मी तेच विचारते. आत्ता पाणी कुठवर आहे? पायाशी, गुडघ्याशी, कमरेला, छातीला, गळ्याशी? दहापैकी किती असं विचारलं की लोक गोंधळतात, मारुती मात्र पटकन सांगतात. नियम एकच: गुडघ्यापर्यंत पाणी असेल तर सराव करायचा. कमरेला लागलं की थांबायचं, डोळे उघडे ठेवून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, उठून चार पावलं टाकायची. छातीशी पाणी आलेलं असताना ‘जाऊ द्या, सोडा’ म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचं शास्त्र सांगणं.

आता सराव. खुर्चीत बसा, पाठ भिंतीकडे, दार नजरेसमोर. डोळे उघडे. दोन्ही तळपाय जमिनीवर, हिवाळा असेल तर खाली घोंगडी. मांडीवर एक लोड किंवा घट्ट उशी घ्या. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत लोडावर ठेवा, पण पूर्ण वजन टाकू नका. आधी लोड चाचपा. मग श्वास सोडताना पाव हिस्सा वजन द्या. बघा, लोडाने घेतलं का? घेतलं असेल तर आणखी थोडं. दोन-तीन श्वास तिथे राहा. आणि मग, हे विसरू नका, हात उचलून घ्या. पुन्हा ठेवा. पुन्हा उचला. सहा-सात वेळा. मग डावा.

लोक विचारतात, उचलायचा कशाला? ठेवायला शिकायचंय ना? पण तुमच्या शरीराला ठेवण्यापेक्षा उचलण्याचीच खात्री हवी आहे. अपघातात जे गेलं ते गेलंच, पण त्या क्षणी हातात काहीच राहिलं नव्हतं, ही आठवण शरीरात रुतलेली असते. जे ठेवलं ते पाहिजे तेव्हा परत उचलता येतं, हे हाताला शंभरदा कळलं की एक दिवस तो आपणहून जरा जास्त वेळ टेकलेला राहतो. त्या दिवसाची घाई करू नका. कुणाला तीन आठवडे लागतात, कुणाला वर्ष.

आसनाबद्दल पतंजली आधी ‘स्थिरसुखम्’ म्हणतात आणि मग ‘प्रयत्नशैथिल्य’, प्रयत्न सैल करणं. स्थिर आधी, सैल नंतर. म्हणून शवासनाच्या जागी सध्या कुशीवर झोपा, पाठ भिंतीला लावून, अंगावर जाड गोधडी. गोधडीचं वजन बऱ्याच जणांना आवडतं, काहींना गुदमरतं. गुदमरलं तर काढा.

श्वासात जपून. भस्त्रिका, कपालभाती आणि कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, सध्या नको. छाती भरभर हलली, ठोके वाढले की शरीराला तो पॅनिकच वाटतो. श्वासाकडे नुसतं लक्ष देणंही काहींना सोसत नाही. त्यापेक्षा आवाज करा. प्रणवाचा, म्हणजे ओंकाराचा, जप ईश्वरप्रणिधानाला लागूनच सांगितलेला आहे, ‘तज्जपस्तदर्थभावनम्’. ओंकारातला मकार लांबवला की उच्छ्वास आपोआप लांबतो, आणि उच्छ्वासात हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, हे कुठल्याही डॉक्टरांना विचारा. ओम म्हणवत नसेल तर भाकरी थापताना जे गुणगुणता ते गुणगुणा. पाच मिनिटं पुरे.

यावर संशोधन आहे का, असंही लोक विचारतात. मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अमेरिकेत ६४ स्त्रियांवर केलेला अभ्यास बराच गाजला. आधीच्या उपचारांना दाद न देणारा पीटीएसडी असलेल्या या स्त्रिया. दहा आठवडे, आठवड्याला एक तास, आघात ध्यानात घेऊन शिकवलेला योग. शेवटी योगगटातल्या ५२ टक्के स्त्रिया पीटीएसडीच्या निकषात बसेनाशा झाल्या, योग न शिकवलेल्या दुसऱ्या गटातल्या २१ टक्के. चौसष्ट हा आकडा लहान आहे, त्यामुळे कुणी या जोरावर ‘योगाने ट्रॉमा बरा होतो’ असे फलक लावले तर त्यांच्यापासून लांब राहा. योग जोडीला आहे. मुख्य उपचार म्हणजे ट्रॉमावर काम करणारी थेरपी, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) किंवा आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वर्तनावर काम करणारी थेरपी), आणि मानसोपचारतज्ज्ञांनी दिली तर औषधं. गोळ्या चालू असतील तर ‘योग सुरू केलाय’ म्हणून मनानेच बंद करू नका. दीड वर्ष झोप नाही ही गोष्ट लहान नाही, या महिन्यातच दाखवा. आणि जगणं नकोसं वाटलं, तर तारीख मिळायची वाट न बघता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, कुठल्याही वेळी, मराठीत बोलता येतं.

कसारा घाटातून पुन्हा जाण्याचं मध्येच लिहिलंय तुम्ही. ते थेरपिस्टसोबत, टप्प्याटप्प्याने. हट्टाने एकदम नको.

राहिला वर्ग. सोडायचाच असं मी म्हणणार नाही. सरांना वर्गाआधी बाजूला घेऊन एवढंच सांगा: ‘माझा अपघात झालेला आहे. मी दाराजवळ बसेन, डोळे उघडे ठेवेन, मध्ये उठले तर उठू द्या, आणि मला विचारल्याशिवाय हात लावू नका.’ कारणं सांगत बसू नका. ‘ठीक आहे’ म्हणाले तर चार वेळा जाऊन बघा. पुन्हा अहंकाराचं प्रवचन सुरू झालं तर फी गेली असं समजा.

माझ्या वर्गात एक बाई गेली तीन वर्षं उंबऱ्याला लागून चटई टाकतात, चपला हाताशी. बाकीचे शवासनात जातात तेव्हा त्या भिंतीला टेकून बसतात, खिडकीतून बाहेरचा शेवगा बघतात. मागच्या महिन्यात एकदा बसल्या बसल्या त्यांची मान कलली, मिनिटभर डुलकी लागली असेल. जाग आल्यावर त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही बोलले नाही, पंख्याचा वेग एकने कमी केला.